वाचक विचारतात: ट्रेनिंग झालं, पुढे काय?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की केनिया-टांझानियात मी अकरा वर्षं जे काम केलं ते म्हणजे गावातल्या जंगल-पाणी-शेतीवाल्या कार्यकर्त्यांची लीडरशिप ट्रेनिंगं घेणं, आणि त्यातली निम्मी फुकट गेली. त्या 'निम्मी फुकट गेली' वर एवढे मेल आलेत की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. नावं छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

ताई, माझी मुलगी पुण्यात एन्व्हायर्नमेंटल सायन्समध्ये एमएस्सी झाली, आता केनियात एका संस्थेत लीडरशिप डेव्हलपमेंटच्या कामाला निघालीये. ती जेमतेम पंचवीसची, तिथल्या पन्नाशीच्या बायकांना ही काय लीडरशिप शिकवणार? हसतील ना तिला? (सांगली)

हसतील काकू, नक्की हसतील. मला तर पहिल्या दिवशी एका आजींनी विचारलं होतं की तुला मुलं किती, शेत किती, मी म्हटलं दोन्ही नाही, तर त्या शेजारणीकडे बघून जे काय म्हणाल्या त्याचं भाषांतर मला कोणी करून दिलं नाही.

पण तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे बघा. तिने शिकवायला जायचंच नाहीये. वांगारी मथाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल, २००४ चं शांततेचं नोबेल, ते मिळवणाऱ्या पहिल्या आफ्रिकन बाई. त्या स्वतः पीएचडी, नैरोबी युनिव्हर्सिटीत शिकवायच्या. १९७७ मध्ये त्यांनी ग्रीन बेल्ट मूव्हमेंट सुरू केली ती कुठल्या मोठ्या थिअरीवरून नाही, तर गावाकडच्या बाया सांगत होत्या सरपण मिळत नाही, पाणी लांब गेलं, मुलांना धड खायला नाही, म्हणून. मथाई म्हणाल्या झाडं लावूया. सरकारी फॉरेस्टवाले म्हणाले छे, झाड लावायला डिप्लोमा लागतो. आता ज्या बाया जन्मभर मका आणि घेवडा पेरत आल्यात त्यांना बी रुजवायला डिप्लोमा! त्या बायांनी आपल्याच शांबात, शांबा म्हणजे शेत, आजूबाजूच्या झाडांचं बी गोळा केलं, फुटक्या मडक्यात लावलं, कोंबड्या आणि शेळ्या पोचणार नाहीत अशा उंचीवर ठेवलं आणि रोपं करून दाखवली. मग एका गटाने दुसऱ्या गटाला दाखवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. 'बिनडिप्लोमाच्या फॉरेस्टर' हे नाव त्यांना तिथूनच पडलं. पैसे मिळायचे ते पण जगलेल्या रोपाचे, लावलेल्या नाही, रोपामागे जेमतेम चार अमेरिकन सेंट. माझ्या मते त्या चळवळीतलं सगळ्यात मोठं डोकं या एका अटीत होतं, कारण लावायला कोणीही लावतं, फोटो काढून घरी जातं.

आणि तुमच्या मुलीच्या उपयोगाची गोष्ट आता. मथाई आपल्या सेमिनारमध्ये लोकांना आधी फक्त तक्रारी सांगायला लावायच्या. यादी लांबच लांब व्हायची आणि शेवटी सगळं खापर सरकारवर. मग त्या विचारायच्या, समजा तुम्ही चुकीच्या बसमध्ये बसलात तर कुठे पोचाल? तुमच्या भाषेत सांगायचं तर कोल्हापूरला जायचंय आणि बसलात तासगावच्या लाल डब्यात. का बसलात? पाटी वाचता आली नाही, कुणी चुकीचं सांगितलं, विचारायची लाज वाटली, सगळे चढले म्हणून आपणही चढलो. हे बोलता बोलता लोक हसायला लागतात आणि मग आपसूक आपल्या गावाबद्दल बोलायला लागतात, की नदीकाठची झाडं तोडली कोणी, तर आपणच. मी हा प्रयोग कितीतरी वेळा केलाय, कधी फेल गेला नाही.

तेव्हा मुलीला सांगा, प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. बोट्स्वानात गावसभेला खोत्ला म्हणतात, तिथे गावचा प्रमुख सगळ्यांचं बोलून झाल्यावर शेवटी बोलतो. तुमची मुलगी काही प्रमुख नाही, त्यामुळे तिने त्याच्याही नंतर बोललं तरी चालेल. आणि स्वाहिली शिकून जाऊ दे, निदान बाजारहाट करण्यापुरती, इंग्रजीत ट्रेनिंग घेतलं की गावातली शाळा शिकलेली तीन पोरंच बोलतात आणि बाकीचे चाळीस मान डोलवतात.

ताई नमस्कार, मी मूळ नाशिकचा, नैरोबीत एका कंपनीत फायनान्सला आहे. आमच्या मॅनेजमेंटला गावातल्या पर्यावरण कार्यकर्त्यांसाठी 'यंग सस्टेनेबिलिटी लीडर्स' फेलोशिप काढायचीये. प्लॅन असा, ऑनलाइन अर्ज, वीस जणांची निवड, नैवाशा सरोवराकाठी एका रिसॉर्टमध्ये आठवडाभर वर्कशॉप, मग सहा महिने मेंटॉरिंग. काहीतरी खटकतंय पण मीटिंगमध्ये सांगता येत नाहीये. (नैरोबी)

दादा, खटकतंय ते बरोबर खटकतंय. रिसॉर्टवर मी बोलत नाही, पाणघोडे छान दिसतात तिथून. प्रश्न असा आहे की आठवडा संपला, पोरगं मटाटूत, म्हणजे तिथल्या वडापमध्ये, बसून गावी परत गेलं, उतरल्यावर त्याच्या हातात काय आहे? सर्टिफिकेट आणि टीशर्ट सोडून.

माझी स्वतःची फजिती सांगते म्हणजे कळेल. व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला एका प्रोजेक्टमध्ये आम्ही गावागावातून तरुण निवडले, निवडले म्हणजे इंटरव्ह्यू घेऊन, ज्याचं इंग्रजी चांगलं, ज्याच्या डोळ्यात चमक वगैरे. एक मुलगा तर असा हुशार की आम्ही सगळ्या रिपोर्टात त्याचाच फोटो लावायचो. त्याच्या गावात रोपवाटिका, पाण्याची कमिटी, सगळं त्याच्या नावाने. दीड वर्षात त्याला आमच्याच ट्रेनिंगच्या जोरावर नैरोबीत नोकरी लागली, त्याचं भलं झालं, मला आनंदच आहे, पण रोपवाटिका एका उन्हाळ्यात वाळून गेली कारण गावाच्या लेखी ती त्याची होती, गावाची कधी नव्हतीच. निवड आम्ही केली होती ना, तर तो आमचा माणूस.

आता याच्या उलट नामिबिया बघा. १९८० च्या आसपास त्यांच्या वायव्य भागात, कुनेनेत, दुष्काळ आणि बेसुमार शिकार यामुळे हत्ती-गेंडे संपत आले होते. गार्थ ओवेन-स्मिथ नावाचा माणूस तिथे काम करायचा, त्याने काय केलं तर गावच्या प्रमुखांकडे गेला आणि म्हणाला राखणदार तुम्ही निवडा, तुमच्या ओळखीचे, रानातला माग काढणारे, आणि ते रिपोर्ट तुम्हालाच करतील. पगार म्हणाल तर थोडे पैसे आणि रेशन. त्यातले काही जण आधी स्वतः शिकार करणारे होते, म्हणजे अभ्यास पक्का! पुढे मार्गारेट जेकबसन त्याच्याबरोबर आल्या, १९९३ मध्ये दोघांना पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. पण खरा बदल १९९६ चा. त्या वर्षी कायदा बदलला आणि सामाईक जमिनीवरच्या लोकांना कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे लोकांनी मिळून वन्यजीव राखायचं क्षेत्र, नोंदवता यायला लागली. हद्द ठरवा, सभासद नोंदवा, घटना लिहा, कमिटी निवडा, पैसे कसे वाटणार ते लिहून द्या, मग वन्यप्राण्यांपासून, टुरिझमपासून येणारं उत्पन्न तुमचं. १९९८ मध्ये पहिल्या चार नोंदल्या, आज ८६ आहेत, देशाची जवळपास पाचवा हिस्सा जमीन.

आता मजा बघा, लीडरशिप ट्रेनिंगची गरज तिथे नंतर आली आणि लोकांनी मागून घेतली. कारण लॉजवाल्याशी करार करायचाय, हिशोब ठेवायचाय, वार्षिक सभेत उभं राहून सांगायचंय की गाडीच्या डिझेलवर एवढे पैसे का गेले. आपल्याकडच्या सोसायटीच्या किंवा दूध संघाच्या सभेत सेक्रेटरीला कसं धारेवर धरतात, तसंच. गडबडी तिथेही होतात, कमिट्या पैसे खातात, बदलल्या जातात, परत निवडल्या जातात. (ट्रॉफी हंटिंगवरून, म्हणजे पैसे घेऊन हौशी शिकाऱ्यांना शिकार करू देण्यावरून, वाद आहे ते मला माहितीये, त्यावर मेल पाठवू नका, तो वेगळा विषय आहे.) सांगायचा मुद्दा काय तर अधिकार आधी हातात असेल तर माणूस ट्रेनिंगमध्ये वही उघडून बसतो, नाहीतर चहा कधी येतो ते बघत बसतो.

तुम्हाला नामिबियाला जायची पण गरज नाही. मॅनेजमेंटला गाडीत घाला आणि मोम्बासाच्या दक्षिणेला गाझीला न्या, क्वाले काउंटीत. तिथे मिकोको पामोजा म्हणून प्रोजेक्ट आहे, अर्थ 'कांदळवन, सगळे मिळून'. गावकऱ्यांनी ११७ हेक्टर कांदळवन राखायचं, त्यातून जे कार्बन क्रेडिट होतात, म्हणजे झाडांनी शोषलेल्या कार्बनचं श्रेय, ते विकायचे, हे २०१३ पासून चालू आहे. मोजमाप आणि शास्त्र यासाठी केनियाच्या सरकारी सागरी संशोधन संस्थेचे लोक बरोबर आहेत, पण पैसे कशावर खर्च करायचे ते बराझात ठरतं, बराझा म्हणजे आपली ग्रामसभाच. पाण्याचे नळ आले, शाळेला पुस्तकं आली. २०१७ मध्ये युएनचा इक्वेटर प्राइज मिळाला. आणि मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे आणखी दक्षिणेला, टांझानियाच्या हद्दीजवळ वांगाला, हाच प्रकार नंतर तिथल्या लोकांनी सुरू केला, म्हणजे गाझीचं गाव स्वतःच ट्रेनिंग सेंटर झालं.

तर मीटिंगमध्ये एवढंच म्हणा, वीस माणसं नको, पाच गावं घेऊ. प्रत्येक गावाने सभा घेऊन चार माणसं द्यावीत, त्यात निदान दोन बाया आणि एक असा की ज्याला इंग्रजी येत नाही. रिसॉर्टचे पैसे त्या पाच गावांना कामासाठी द्या, रक्कम लहान चालेल पण खर्चाची सही गावाची, तुमची नाही. आणि मेंटॉरिंग सहा महिने म्हणताय ते तीन वर्षं करा, कारण सहा महिन्यात एक पाऊस पण धड होत नाही. मॅनेजमेंटला फोटो हवे असणार, तर तिसऱ्या वर्षी काढा म्हणावं. आणि एका देणगीदारावर सगळं उभं करू नका. अमेरिकेने २०२५ मध्ये आपली परदेशी मदतीची संस्था, युएसएड, बंद केली तेव्हा तिच्या पैशावर उभ्या असलेल्या किती संस्थांचे हात एका झटक्यात आखडले ते नैरोबीत बसून तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघितलं असेल.

आफ्रिकेत लोक म्हणे ट्रेनिंगला फक्त भत्त्यासाठी येतात. खरं का? (ठाणे)

खरं आहे, आणि ठाण्यात वेगळं आहे का?

चेष्टा सोडा. टांझानियात याला पोशो म्हणतात, बसण्याचा भत्ता. हे खूळ लावलं कोणी तर आम्हीच, देणगीवाल्या संस्थांनी. एका संस्थेने दिला की दुसरीला द्यावा लागतो, मग तालुक्याचा साहेब पण त्याच्याशिवाय येत नाही आणि दर वर्कशॉपला तेच आठ चेहरे, फक्त बॅनर बदललेला. पण दुसरी बाजू पण ऐका. जी बाई दिवसभर तुमच्या समोर खुर्चीत बसते तिचं त्या दिवशी निंदण राहतं, पाणी कोणीतरी दुसरीने आणावं लागतं. तिने फुकट का यावं?

आम्ही नंतर असं केलं की ट्रेनिंग गावातच, आंब्याखाली, दुपारनंतर, म्हणजे सकाळची कामं उरकून, आणि जेवण गावातल्याच बायकांच्या गटाकडून विकत घ्यायचं. रोख भत्ता बंद. पहिल्या महिन्यात चार-पाच माणसं यायची, त्यातला एक जण चुकून यायचा. माझ्या वरिष्ठांचे रागावलेले मेल यायचे की अटेंडन्स शीट रिकामी का. सहा महिन्यांनी पंधरा झाले, आणि ते पंधरा मग टिकले.

आमच्या बचत गटात चर्चा झाली की आफ्रिकेतल्या आज्या राजस्थानात येऊन सोलर इंजिनिअर होतात. अक्षरओळख नसताना? आणि आज्याच का? (औसा, लातूर)

अगदी खरं. अजमेर जिल्ह्यात तिलोनिया म्हणून गाव आहे, तिथे बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये बेअरफूट कॉलेज सुरू केलं. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांतून बायका तिथे आल्यात, सहा महिने राहिल्यात, आणि प्रवासाचा-ट्रेनिंगचा खर्च आपलं भारत सरकार आयटेक या परदेशी लोकांना ट्रेनिंग द्यायच्या योजनेतून करत आलंय. आयटेक १९६४ पासून आहे, तुमच्याआमच्या करातून. शिकवतात खुणांनी, रंगांनी, लाल तार लाल ठिपक्याला, हे बघ, आता तू कर. एकीची भाषा दुसरीला येत नाही, शिकवणारीची भाषा कोणालाच येत नाही, तरी सहा महिन्यात सोलर कंदिलाचं सर्किट जोडतात. सोलर ममा म्हणतात त्यांना. पुढे झांझिबारलाही असं सेंटर निघालं.

आज्याच का, याचं रॉय यांचं उत्तर साधं आहे, तरुण पोराला सर्टिफिकेट दिलं की तो शहर गाठतो. आजी कुठे जाणार? तिची नातवंडं गावात, तिची कोंबडी गावात. माझा सरोवराकाठचा किस्सा वर वाचलाच आहे तुम्ही, तेव्हा मला हे कोणी आधी सांगायला हवं होतं.

फक्त एक. नुसत्या आज्या पाठवून भागत नाही, गाव आधी कमिटी करतं, दर महिन्याला घरटी किती पैसे द्यायचे ते ठरवतं, त्यातून दुरुस्तीचा खर्च आणि त्या बाईचं मानधन निघतं. रॉकेल, मेणबत्ती, बॅटरीचे सेल यावर जात होतं तेवढंच द्यायचं, जास्त नाही. तुमच्या बचत गटाला हे गणित मी काय समजावणार, तुम्हीच कोणाला तरी समजवा.

मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, मंडेला वॉशिंग्टन फेलोशिपला भारतातून अर्ज करता येतो का? आणि आफ्रिकेतले असे कोर्स कुठले चांगले? (वर्धा)

नाही येत. ती सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकन देशांतल्या तरुणांसाठीच काढलेली, वयाची अट २५ ते ३५, २०१४ मध्ये सुरू झालेली, सहा आठवडे अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीत. शिवाय ती फक्त पर्यावरणाची नाही, धंदा-प्रशासन सगळंच आहे त्यात.

कोर्सचं म्हणशील तर वन्यजीव खात्यातले अधिकारी घडवणारी जुनी जागा म्हणजे टांझानियातलं म्वेका कॉलेज, किलिमांजारोच्या पायथ्याशी, १९६३ पासूनचं. फ्रेंच बोलणाऱ्या देशांसाठी कॅमेरूनमध्ये गारुआला तसंच आहे. दक्षिण आफ्रिकेत हुडस्प्रुटजवळ सदर्न आफ्रिकन वाइल्डलाइफ कॉलेज, रेंजरपासून मॅनेजरपर्यंत सगळे तिथे येतात. किगालीत आफ्रिकन लीडरशिप युनिव्हर्सिटीत वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशनचा वेगळा विभाग आहे, ते जंगलाकडे धंदा म्हणून पण बघायला शिकवतात, काहींना ते आवडत नाही, मला पटतं. आणि शेतीत रस असेल तर बेनिनमधल्या पोर्तो-नोव्होचं सोंगाई सेंटर, १९८५ मध्ये न्झामुजो नावाच्या डोमिनिकन फादरांनी सुरू केलेलं, तिथे कोंबड्यांची विष्ठा, मासे, बायोगॅस, भाजी असं सगळं एकमेकांवर चालतं आणि शिकायला आलेल्या पोरांनी परत जाऊन स्वतःचं शेत उभं करायचं ही अपेक्षा असते. वर्ध्यात, सेवाग्रामच्या शेजारी, राहतोस तर हे वाचून तुला काहीतरी ओळखीचं वाटेल. आधी आजूबाजूला नीट बघ आणि दोन पावसाळे कुठल्यातरी गावात काढ, मग अर्ज कर.

ताई, मी कृषी खात्यातून रिटायर झालो, तीस वर्षं पाणलोटाचं काम केलं, सीसीटी (उताराला आडवे सलग समतल चर), बांध, शेततळी. तब्येत ठणठणीत. बुर्किना फासो की मालीत जाऊन शिकवावं असं मनात आहे, पोरं हसतात. (भोकरदन, जालना)

काका, पोरांना हसू द्या. पण शिकवायच्या आधी तिथल्या झाईबद्दल, म्हणजे पाणी मुरवायच्या खड्ड्यांबद्दल, वाचून जा, नाहीतर फजिती होईल. बुर्किनाच्या उत्तरेला, वायिगुया शहराजवळच्या गावात याकुबा सावाडोगो नावाचे शेतकरी होते, लिहिता-वाचता येत नव्हतं. १९८० च्या सुमाराच्या दुष्काळात सगळे गाव सोडून चालले तेव्हा हे कडक झालेल्या जमिनीत उन्हाळ्यातच खड्डे खणत बसले. खड्डे जुनेच, त्यांच्याकडे परंपरेने चालत आलेले, पण यांनी ते मोठे केले आणि त्यात शेणखत-पालापाचोळा टाकला. खताला वाळवी आली, वाळवीने जमीन भुसभुशीत केली, पाऊस आला तसा खड्ड्यात मुरला. लोक वेडा म्हणाले. ज्वारी-बाजरी आली, खतातल्या बियांची झाडं आली, ती यांनी राखली आणि वीसपेक्षा जास्त हेक्टरचं जंगल उभं राहिलं. मग वर्षातून दोनदा आपल्या शेतावर बाजार भरवायचे, गावोगावचे शेतकरी बियाणं घेऊन यायचे, बघायचे, बोलायचे. २०१८ मध्ये राइट लाइव्हलिहूड पुरस्कार, ज्याला 'पर्यायी नोबेल' म्हणतात तो, मिळाला, २०२३ मध्ये गेले.

आणि वाईट काय तर शहर वाढलं तेव्हा त्यांच्याच जंगलावर प्लॉट पाडले गेले, कारण जमिनीचा पक्का हक्क त्यांच्याकडे नव्हता. नाशिकच्या दादांना मी वर अधिकार आधी हातात हवा म्हणून जे सांगितलं ते याच भीतीने.

बुर्किना आणि माली दोन्हीकडे सध्या हल्ले, लष्करी राजवट असं चालू आहे, तेव्हा या वयात तिकडचा हट्ट नको. सेनेगल बघा, घाना बघा, तेलंगणापेक्षा फार वेगळं ऊन नाही. फ्रेंच येत नसेल तर घानाच. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या दहा दिवस आधी घ्यायला लागते आणि ती ठराविक सेंटरलाच मिळते, ते पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा. सीसीटीचे फोटो घेऊन जा, पावसाआधीचे आणि नंतरचे, आणि गेल्या गेल्या त्यांचे खड्डे बघायला मागा, तुमचे फोटो दुसऱ्या दिवशी दाखवा.